महाराष्ट्र शासन विरुद्ध माझा भाऊ

ते पाकीट पोस्टमननं माझ्या भावाच्याच हातात दिलं. जुलै 2023, दुपारची वेळ, मी पतसंस्थेत कामावर होते. रजिस्टर पत्र म्हटल्यावर सही हवीच. त्यानं खिशातलं पेन काढून सही केली आणि पाकीट देव्हाऱ्यासमोर नेऊन ठेवलं, कारण आमच्या घरी महत्त्वाचा कागद तिथंच ठेवतात. संध्याकाळी मी चप्पल काढायच्या आत म्हणाला, "ताई, सरकारचं पत्र आलं. मी सही केली." त्याला त्या सहीचा फार अभिमान. सहीचं पुढे येईलच.

पाकिटात मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाची नोटीस होती. वर याचिकाकर्ता महाराष्ट्र शासन, मधे 'विरुद्ध', आणि खाली माझ्या भावाचं पूर्ण नाव, वय 51, व्यवसाय काही नाही. पन्नासची आणि शंभरची नोट त्याला रंगावरून ओळखता येते, पण सुटे किती परत घ्यायचे ते कळत नाही. अशा माणसावर आख्खं राज्य चालून आलंय, असं मला त्या क्षणी वाटलं. कुकरच्या शिट्ट्या किती झाल्या ते मोजायचं राहून गेलं. वरण करपलं.

नऊच महिन्यांपूर्वी आम्ही जिंकलो होतो. शेजारी संत्रा बर्फी वाटली होती.

मागचं थोडक्यात सांगते. आमचे वडील राज्य सरकारच्या एका खात्यात कारकून. 1994 मध्ये रिटायर झाले, 2006 मध्ये गेले. त्यानंतर आईला कुटुंब निवृत्तिवेतन मिळायचं, तेही 2017 च्या पावसाळ्यात ती गेल्यावर बंद झालं. भाऊ जन्मापासून असा. जुन्या कागदांवर 'मतिमंद' लिहिलंय, नव्या कागदांवर 'बौद्धिक अक्षमता', 75 टक्के. शिवाय फिट्स येतात, त्यामुळे गोळ्या कायमच्या. महाराष्ट्र नागरी सेवा (निवृत्तिवेतन) नियम, 1982 मधल्या नियम 116 खाली कर्मचाऱ्याचं मूल अपंगत्वामुळे स्वतःची उपजीविका करू शकत नसेल, तर वयाची अट ओलांडल्यावरही त्याला हे वेतन हयातभर मिळू शकतं. मी त्याची कायदेशीर पालक. नॅशनल ट्रस्टच्या 1999 च्या कायद्याखाली जिल्हाधिकाऱ्यांच्या स्थानिक स्तर समितीकडून पालकत्व रीतसर घेतलं होतं. अर्ज केला. 2018 मध्ये खात्यानं नाही म्हटलं.

कारणं तीन. वडिलांच्या निवृत्तीच्या कागदांत मुलाचं नाव आहे, अपंगत्वाचा उल्लेख नाही. अपंगत्वाचा दाखला 2013 चा, म्हणजे वडील गेल्यानंतरचा. आणि मुलगा एका कार्यशाळेत कागदी पिशव्या करून कमावतो.

पहिल्या कारणाबद्दल मला कुणी कधी विचारलं नाही, म्हणून इथं सांगते. वडिलांनी ते लिहिलं नाही, कारण 1994 मध्ये माझं लग्न जमवणं चालू होतं. घरात असा भाऊ आहे हे सरकारी कागदावर गेलं तर गावभर होईल, असं आईला वाटायचं. स्थळ बघायला आलं की त्याला मागच्या खोलीत चिवड्याची प्लेट देऊन बसवायचे. 1995 मध्ये माझं लग्न झालं. चोवीस वर्षांनी तीच रिकामी जागा मी कोर्टात भरून काढत बसले होते.

2019 मध्ये महाराष्ट्र प्रशासकीय न्यायाधिकरणात, म्हणजे सगळे ज्याला मॅट म्हणतात तिथं, नागपूर खंडपीठापुढे अर्ज टाकला. मधे करोना आला. ऑक्टोबर 2022 मध्ये निकाल आमच्या बाजूनं लागला. दाखला नंतरचा असला तरी अपंगत्व जन्मापासूनचं आहे, तीन महिन्यांत वेतन आणि थकबाकी द्या, असा हुकूम. थकबाकी आठ लाखांच्या आसपास होत होती.

तीन महिने झाले, काही हललं नाही. खात्यात विचारायला गेलं की "फाइल वर आहे" एवढंच. आमच्या वकिलांनी मार्च 2023 मध्ये अवमानाची नोटीस पाठवली. तेव्हा मात्र फाइल हलली, पण पैसे द्यायच्या दिशेनं नाही. अवमानाची नोटीस पडली की दोनच वाटा उरतात, हुकूम पाळा नाहीतर त्याला आव्हान द्या. आपण ज्याला झोपलेली फाइल समजतो ती कित्येकदा दचकून उठते आणि हायकोर्टात जाऊन बसते. म्हणून नोटीस पाठवू नये असं नाही. पाठवायची, पण पुढे काय येऊ शकतं ते धरून.

इथं आमची एक चूक झाली. निकाल लागला त्याच आठवड्यात वकिलांनी हायकोर्टात कॅव्हेट टाकलं होतं. आमचं ऐकल्याशिवाय हुकूम देऊ नका, असं आधीच सांगून ठेवायचं, ते कॅव्हेट. त्याची मुदत 90 दिवसांची. ती जानेवारीत संपली. पुन्हा टाकायचं ना त्यांच्या लक्षात राहिलं, ना मला ठाऊक होतं. खात्याची याचिका आली जूनमध्ये, उन्हाळ्याच्या सुट्टीनंतर कोर्ट उघडलं तेव्हा. पहिल्या तारखेला आमच्यातर्फे कुणीच उभं नव्हतं. नोटीस काढली गेली आणि पुढच्या तारखेपर्यंत मॅटच्या निकालाला स्थगिती मिळाली. मोबाइलमध्ये दर 90 दिवसांनी एक घंटी लावून ठेवली असती, तर निदान पहिल्याच दिवशी आमचं ऐकलं गेलं असतं.

नोटिशीसोबत याचिकेची प्रत होती, 112 पानं. इंग्रजीत. माझं इंग्रजी बँकेच्या पत्रापुरतं, तरी त्या रात्री मी ती वाचत बसले. पान 86 वर हात थांबला.

ती कार्यशाळेच्या मानधनाच्या पावतीची झेरॉक्स होती. सहाशे रुपये. खाली भावाची सही. चार अक्षरं, प्रत्येक अक्षर शेजारच्यापासून जरा लांब, आणि शेवटच्या अक्षराची काठी खालच्या ओळीपर्यंत ओढलेली, कारण तिथं पोचेपर्यंत त्याला फार आनंद झालेला असतो. ती सही मी त्याला शिकवली होती. दोन वर्षं, रोज रात्री जेवणं झाल्यावर, चौकटीच्या वहीत मी ठिपके काढायचे आणि तो जोडायचा. पहिल्यांदा ठिपक्यांशिवाय जमली तेव्हा आई होती. तिनं त्या पानाची घडी करून आपल्या पाकिटात ठेवली होती. आणि इथं त्याच सहीवर परिशिष्टाचा शिक्का मारलेला. याचिकेत लिहिलं होतं की प्रतिवादी स्वतः सही करून मानधन स्वीकारतो, सबब तो उपजीविका करण्यास असमर्थ आहे असं म्हणता येत नाही.

मी त्या रात्री रडले नाही, चिडले. आणि चिडल्यावर माणूस जे करतो तेच पुढचे पंधरा दिवस केलं. कागद गोळा केले. मेडिकल कॉलेजच्या दवाखान्यातून नव्यानं तपासणी करून घ्यायची म्हणून दोन दिवस रांगेत उभी राहिले. मानसशास्त्रज्ञांचं पत्र, शाळेतल्या जुन्या बाईंचं पत्र, फिट्सच्या गोळ्यांची दहा वर्षांची बिलं, लहानपणापासूनचे फोटो. एका दुपारी तर तो बुटाची नाडी बांधायचा प्रयत्न करत होता त्याचा व्हिडिओ काढला. तो म्हणाला, "ताई, नको ना." मी थांबले नाही. तो व्हिडिओ नंतर पुसला, पण काढला होता हे खरं.

हे सगळं पिशवीत भरून मी नव्या वकीलबाईंकडे गेले. नव्या, कारण मॅटमधल्या वकिलांची हायकोर्टाची फी झेपणारी नव्हती. पहिल्या फेरीतच पस्तीस हजार गेले होते. त्यांच्याच ऑफिसातला एक ज्युनियर पोरगा जिन्यापर्यंत सोडायला आला आणि हळूच म्हणाला, "मॅडम, तुम्ही लीगल एडमध्ये काहून नाही जाऊन राहिल्या? तुमच्या भावाला तर उत्पन्नाची अटच नाही." मला वाटायचं मोफत वकील म्हणजे दारिद्र्यरेषेखालच्यांना. विधी सेवा प्राधिकरण कायदा, 1987 च्या कलम 12 मध्ये अपंग व्यक्ती हा वेगळाच प्रवर्ग आहे, त्याला उत्पन्न बघत नाहीत. बायकांनाही बघत नाहीत. नागपूर खंडपीठाची स्वतःची विधी सेवा उपसमिती आहे. युडीआयडी कार्डाची, म्हणजे अपंगत्वाच्या ओळखपत्राची झेरॉक्स, पालकत्वाचं प्रमाणपत्र, नोटीस आणि एक अर्ज. वकील मिळाल्या, फी शून्य. चार वर्षांपूर्वी हेच कुणी सांगितलं असतं तर पस्तीस हजार वाचले असते. तो पोरगा मला अजून दिसतो कोर्टात, दर वेळी मी त्याला चहा पाजते.

तर वकीलबाई. माझ्याहून वीसेक वर्षांनी लहान, बोलणं अगदी तुटक. माझी पिशवी त्यांनी टेबलावर रिकामी करवली, एक-एक कागद बघितला आणि सगळं परत पिशवीत भरलं.

"हे सगळं खरं आहे," त्या म्हणाल्या, "पण इथं लागत नाही."

मला धक्काच बसला. मग त्यांनी समजावलं ते मी माझ्या शब्दांत लिहिते. खात्यानं जे केलंय ती पहिली लढाई नव्यानं लढणं नाही. सुप्रीम कोर्टाच्या एल. चंद्रकुमार खटल्यातल्या 1997 च्या निकालापासून मॅटच्या निकालाला आव्हान द्यायचं तर आधी हायकोर्टाच्या दोन न्यायमूर्तींपुढे रिट याचिकेनं यावं लागतं. आणि रिट याचिकेत न्यायमूर्ती सहसा पुरावा पुन्हा तोलत बसत नाहीत. मॅटनं कायद्याची उघड चूक केली का, अधिकाराबाहेर गेलं का, कुठलाही समंजस माणूस काढणार नाही असा निष्कर्ष काढला का, एवढंच बघतात. म्हणजे भाऊ अपंग आहे की नाही हा प्रश्नच तिथं नाही. मॅटनं नियम बरोबर वाचला की चुकीचा, हा आहे.

"तुम्ही नवे कागद लावले," त्या म्हणाल्या, "की सरकारी वकील म्हणतील, बघा, आधीचा पुरावा अपुराच होता, प्रकरण परत मॅटकडे पाठवा. मग पुन्हा पहिल्यापासून."

मला हे पचायला वेळ लागला. चार वर्षं मी भावाची गोष्ट सांगत आले होते. डॉक्टरला, बाबूला, मॅटमधल्या सरकारी वकिलाला. प्रत्येक वेळी तो काय काय करू शकत नाही याची यादी, आणि ते सांगताना तो शेजारी बसलेला. आता एक बाई सांगत होती की ती यादी बंद करा, भांडण आता एका कागदाचं दुसऱ्या कागदाशी आहे. आधी राग आला. घरी येताना मेट्रोत लक्षात आलं की खांदे जरा हलके झालेत.

मग करायचं काय? त्यांनी तीन कामं दिली. एक, मॅटच्या निकालाचा परिच्छेद अन् परिच्छेद वाचून काढायचा आणि खात्याचा प्रत्येक मुद्दा त्यात कुठं हाताळलाय ते समासात लिहायचं. ते मी केलं. आणि खरंच, तिन्ही मुद्दे तिथं होते, पिशव्यांचा सुद्धा. परिच्छेद 14 मध्ये मॅटनं लिहिलं होतं की पुनर्वसनासाठी केलेलं काम आणि उपजीविका या वेगळ्या गोष्टी आहेत. खात्यानं याचिकेत त्या परिच्छेदाला हातच लावला नव्हता. दुसरं काम, स्थगिती उठवायचा अर्ज. तिसरं, गप्प बसणं. खात्यात जायचं नाही, साहेबांना भेटायचं नाही, रागानं पत्र लिहायचं नाही. तिसरं सगळ्यात अवघड.

गप्प बसवेना म्हणून मी एक गोष्ट त्यांना न विचारता केली, ती कामी आली हे नशीब. दहा रुपयांचं कोर्ट फी तिकीट लावून माहितीच्या अधिकाराचा अर्ज टाकला. याचिका दाखल करायचा निर्णय कसा झाला, त्याच्या टिपणीच्या प्रती द्या. महिन्याभरात सात पानं आली. काही ओळी काळ्या केलेल्या. मला वाटलं होतं, माझ्या भावाबद्दल कुणीतरी काहीतरी वाईट लिहिलं असेल, कुणाचा तरी आमच्यावर डूख असेल. तसं काहीच नव्हतं. त्याचं नावही फक्त विषयाच्या ओळीत. एका कक्ष अधिकाऱ्यानं लिहिलं होतं की वारसाच्या दाखल्याची तारीख कर्मचाऱ्याच्या मृत्यूनंतरची असल्यास अनेक प्रकरणी मागणी होऊ शकते, सबब पायंडा पडू नये म्हणून आव्हान देणे उचित. वरच्यानं 'सहमत', त्याच्या वरच्यानं नुसती सही.

पायंडा. तो शब्द मी दोन दिवस घोळवत राहिले. माझे यजमान म्हणाले, "बघ, तुला वाटत होतं सरकार आपल्या मागं लागलं. त्यांना आपण कोण हेही माहीत नाही." हे ऐकून बरं वाटावं की वाईट, कळेना. पण झोप लागायला लागली. डूख धरलेल्या माणसाला मी काय सांगणार होते? पायंड्याच्या भीतीला उत्तर होतं. वकीलबाईंनी आमच्या शपथपत्रात एक परिच्छेद वाढवला, की अपंगत्व कर्मचाऱ्याच्या हयातीत होतं हे जिथं शाळेच्या आणि दवाखान्याच्या जुन्या नोंदींवरून सिद्ध होतं तेवढ्यापुरताच हा निकाल आहे, सरसकट नाही. 1981 च्या शाळेच्या दाखल्यावर 'विशेष वर्ग' लिहिलेलं होतं, तो मॅटच्या कागदांत आधीपासूनच होता.

मग तारखा.

त्याबद्दल फार लिहिण्यासारखं नाही आणि आयुष्य मात्र त्यातच गेलं. आदल्या संध्याकाळी बोर्ड, म्हणजे दुसऱ्या दिवशीच्या प्रकरणांची यादी निघते, त्यात आपला नंबर बघायचा. 84 असला तर समजायचं की येत नाही, तरी जायचं. छत्रपती चौकातून मेट्रो, कस्तुरचंद पार्कला उतरून ऑटो, मग 1940 पासून उभी असलेली ती घुमटाची इमारत. भाऊ यायचा हट्ट करायचा. त्याची तिथं काहीच गरज नसायची, पण मेट्रो त्याला प्रिय आणि कोर्टाबाहेरचे पोहे त्याहून प्रिय. तर्री नको, नुसते पोहे आणि वर कांदा. पोहेवाला दर वेळी म्हणायचा, "भाऊ, बिनतर्रीचे पोहे म्हणजे बिननवऱ्याची वरात." तो दर वेळी तितकाच हसायचा.

डिसेंबरात सिव्हिल लाइन्समध्ये अधिवेशनाचे बॅरिकेड लागतात. त्या महिन्यातली तारीख मिळाली की समजून घ्यायचं की गेली. सरकारी वकील उभे राहून सांगायचे, संबंधित अधिकारी अधिवेशनाच्या कामात आहेत, सूचना मिळाल्या नाहीत. मे महिन्यात कोर्टच बंद. दिवाळीत बंद. मी पतसंस्थेत माणसांना सांगते की कर्जाचा हप्ता एक दिवस चुकला तरी व्याज लागतं, आणि इथं वर्षाला मोजून तीन तारखा पदरात पडायच्या. ईकोर्ट्सच्या ॲपवर केस नंबर टाकून रोज रात्री बघायची मला सवय लागली. काही बदललेलं नसायचं. मुलीनं शेवटी ते ॲप माझ्या मोबाइलवरून काढून स्वतःच्या मोबाइलवर घेतलं आणि म्हणाली, "काही झालं तर मीच सांगीन. तू झोप." तिचं ऐकलं ते बरं झालं.

स्थगितीचं मात्र सप्टेंबर 2023 मध्येच बरंचसं निपटलं. याचिका नुसती दाखल झाली म्हणून निकाल थांबत नाही, स्थगिती वेगळी मागावी लागते आणि ती देताना कोर्ट अटी घालू शकतं, हे मला त्या दिवशी समोर दिसलं. न्यायमूर्तींनी स्थगिती चालू ठेवली, पण निम्मी थकबाकी आठ आठवड्यांत कोर्टात जमा करा म्हणाले. त्यातले दीड लाख रुपये औषधोपचारासाठी काढायची आम्हाला परवानगी मिळाली, निकाल उलटला तर परत करू अशा हमीपत्रावर.

ते हमीपत्र मी सही केलं आणि पुढचं दीड वर्ष ते माझ्या छातीवर बसून राहिलं. पैसे मिळूनही आपले नाहीत. वेगळं खातं उघडलं, भावाच्या नावाचं, माझ्या पालकत्वाखाली. फिट्सच्या गोळ्या, एकदा एमआरआय, दोन दाढा. बस. प्रत्येक पावती लांब वहीत चिकटवली. पालकाला तसाही दर वर्षी हिशेब द्यावा लागतो, त्यामुळे वही दोन्हीकडे चालली. नातेवाईक म्हणायचे, सरकार कुठं परत मागणार आहे, त्याच्या खोलीला कूलर तरी घे. नागपूरचा मे महिना, पंचेचाळीस डिग्री, त्याची खोली पश्चिमेची. मी कूलर घेतला, पण माझ्या पगारातून, आणि वहीत लिहिला नाही. जे पैसे परत करावे लागू शकतात ते खर्चायला माझा हात धजला नाही, एवढंच. दुसऱ्या कुणी खर्चले तर मी नावं ठेवणार नाही, त्याची गरज माझ्याहून तातडीची असू शकते.

वकीलबाईंनी एक गोष्ट पहिल्याच महिन्यात विचारली होती: "हरलो तर काय करणार, ते ठरवलंय का?" मला तो प्रश्न अपशकुनी वाटला होता. पण एका रविवारी मी, यजमान आणि मुलगी बसलो आणि कागदावर मांडलं. दीड लाख कुठून परत करायचे, गोळ्यांचा महिन्याचा खर्च किती, माझ्या रिटायरमेंटनंतर काय, माझ्यानंतर कोण. मुलगी म्हणाली, "माझ्यानंतर वगैरे काय लावलंय, मी आहे ना." ती पंचवीस वर्षांची. तिच्यासाठी स्थळं बघायला सुरुवात झाली होती, आणि ती येणाऱ्या प्रत्येकाला पहिल्या भेटीतच सांगायची, माझा मामा आमच्यासोबत राहतो. मागच्या खोलीत चिवड्याची प्लेट आता कुणी नेत नव्हतं.

फेब्रुवारी 2025 मध्ये बोर्डावर नंबर 9 होता. सुनावणी चालली फार तर पंधरा मिनिटं. मी इतकी वर्षं ज्याची वाट बघितली ते इतक्या हळू आवाजात होईल असं वाटलं नव्हतं, मागच्या बाकावर अर्धं ऐकूही येत नव्हतं. सरकारी वकिलांनी दाखल्याच्या तारखेचा मुद्दा मांडला. मग पान 86. न्यायमूर्तींनी पान उलटलं, पावती बघितली आणि रक्कम किती आहे म्हणून विचारलं. "सहाशे, माय लॉर्ड. महिन्याला." न्यायमूर्तींनी पुढे काही विचारलं नाही. आमच्या वकीलबाईंनी परिच्छेद 14 वाचून दाखवला आणि बसल्या. याचिका खारीज झाली. मॅटच्या निकालात हस्तक्षेप करावा अशी चूक दिसत नाही, उरलेली रक्कम तीन महिन्यांत द्या.

या वेळी मी बर्फी आणली नाही. सुप्रीम कोर्टात जायला त्यांना 90 दिवस होते. आम्ही तिकडेही कॅव्हेट टाकलं, आणि या वेळी घंटी लावली. मे संपला, कुणी दिल्लीला गेलं नाही. मग कागद खात्याकडून सिव्हिल लाइन्समधल्या महालेखापाल कार्यालयात गेले, तिथून पीपीओ, म्हणजे निवृत्तिवेतन देण्याचा आदेश निघाला, तो कोषागारात गेला. प्रत्येक ठिकाणी पंधरा-वीस दिवस, पण कुठं अडलं नाही. ऑगस्टमध्ये पहिलं निवृत्तिवेतन खात्यावर पडलं. हमीपत्र मोकळं झालं त्या दिवशी वकीलबाईंना फोन केला. त्या दुसऱ्या कोर्टरूमच्या दारात होत्या. "छान. मूळ कागद सांभाळा," म्हणाल्या, आणि फोन ठेवला.

नोव्हेंबरात हयातीच्या दाखल्यासाठी भावाला घेऊन बँकेत गेले. मोठी रांग, सगळे म्हातारे, हा त्यातला एकटा बिनकाठीचा. काउंटरवरच्या मुलीनं फॉर्म छापला, याच्याकडे बघितलं, माझं पालकत्वाचं प्रमाणपत्र बघितलं आणि मला म्हणाली, "मॅडम, यांची सही नको. पालक म्हणून तुमचीच पाहिजे, इथं."

मी पर्समध्ये चष्मा शोधत होते. तोवर याचं पेन खिशातून निघालं होतं. मी बघेपर्यंत चार अक्षरं माझ्या जागेवर उमटली होती, आणि शेवटची काठी खाली 'शाखेचा शिक्का' लिहिलेल्या चौकटीत शिरली होती.

त्या मुलीनं दुसरा फॉर्म छापला. पहिला त्यानं घडी करून स्वतःच्या खिशात ठेवला.